मोरीचे कल्ले

“मिस तारी, कल्ले कुठे आहेत?”

वालावलकर सरांनी विचारलं तेव्हा मी ट्रेकडे बघितलं. ट्रेमध्ये माझी मोरी होती. खरखरीत कातडी सोललेली, पर छाटलेले, पोट स्वच्छ धुतलेलं. तशीच उचलून रश्शात सोडावी इतकी नीटस. फक्त कल्ले नव्हते. ते टेबलाखालच्या बादलीत पडले होते आणि मीच ते तिथे टाकले होते.

मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. मुंबईकडे तिला मुशी म्हणतात. आमच्या बंदरावर ती नेहमी जाळ्यात येते, आणि त्या काळी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला तिचे कल्ले धडकी भरवत. गळ्याखालचे स्नायू एकेक करून बाजूला करायचे आणि हृदयातून निघून कल्ल्यांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या उघड्या करून दाखवायच्या. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. शेवटच्या वर्षाच्या पूर्वपरीक्षेत मी चिठ्ठी उचलली आणि नेमकं तेच आलं. मला तर बरंच वाटलं होतं, कारण आकृती मला तोंडपाठ होती.

घोटाळा केला तो हातांनी. तोवर आम्ही फॉर्मॅलिनमधल्या मोऱ्या कापत होतो. त्या रबरासारख्या घट्ट असायच्या आणि त्यांना दवाखान्याचा वास यायचा. माझ्या हातांनी त्यांना मासा म्हणून कधी ओळखलंच नव्हतं. त्या दिवशी पिंपातल्या मोऱ्या संपल्या म्हणून कॉलेजनं सकाळी बंदरावरून ताज्या आणल्या. ताजी मोरी हातात आली, खारा वास नाकात गेला, आणि आठव्या वर्षापासून जे करत आले तेच हात करायला लागले. डोकं तेव्हा हृदयाचे कप्पे आठवण्यात गुंतलं होतं. सर येऊन उभे राहिले तेव्हा कुठे ते भानावर आलं.

“सर, चुकून टाकले.”

“चुकून? ज्याला मार्क आहेत तेच चुकून टाकलंत?” सरांनी ट्रे थोडा वर उचलून सगळ्यांना दाखवला. “ही प्रयोगशाळा आहे, मासळी बाजार नव्हे.”

सगळे हसले. हसणाऱ्यांत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीही होत्या. माझी आई त्याच गावच्या मासळी बाजारात बसते हे त्यांना ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं, पण त्यानं मला काही फरक पडला नाही. माझे कान तापले होते आणि मला रडायचं नव्हतं, म्हणून मी बादलीतले कल्ले उचलून परत ट्रेमध्ये ठेवले. तेव्हा तर हसण्याला ऊतच आला.

परीक्षा संपल्यावर सरांनी मला थांबवलं. “तुमच्या जर्नलवर मी सही करू शकत नाही.”

जर्नलवर सही नाही म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नाही. आईनं मला कॉलेजची तीन वर्षं कबूल केली होती आणि हे तिसरं होतं. चौथ्या वर्षाचं बोलणंच झालेलं नव्हतं. बाजारात तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी मोकळी होतीच.

“सर, मला परत एकदा करू द्या.”

“का करू द्यावं?”

“मला येतं म्हणून.”

हे मी जरा मोठ्यानं बोलले असावे. सरांनी चष्मा काढून पुसला. ते कडक होते, पण लबाड नव्हते. “पुढच्या शनिवारी दहा वाजता. मोरी तुमची तुम्ही आणायची. दहाच्या दहा वाहिन्या दिसल्या पाहिजेत. एक जरी तुटली तर पुढच्या वर्षी भेटू.”

घरी आल्या आल्या मी आईला सगळं सांगितलं, बाजाराचं वाक्य सोडून. आई मासळीची पाटी धूत होती. तिनं ऐकून घेतलं आणि मग तिला हसू आलं.

“कल्ले टाकलंस?” ती म्हणाली. “मगे मास्तर काय कल्ले खातत?”

“आये, हसा नको. वर्स जातला माझा.”

ती हसायची थांबली. पाटी भिंतीला उभी केली. “किती मोरये व्हये?”

“रोज एक. शनिवारपर्यंत.”

“हाडतंय बंदरावरसून,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

आमच्या घरात आम्ही दोघीच होतो. मी नऊ वर्षांची असताना बाबा समुद्रात गेले. जाळ्याच्या दोरीत पाय अडकून बुडाले, एवढंच मला माहीत होतं, आणि त्यापलीकडे घरात कधी कोणी काही बोललं नाही. माझा बाप पट्टीचा पोहणारा होता असं लोक सांगत, आणि सांगून झालं की गप्प होत. ते गप्प होणं मला दुःखाचं वाटायचं.

रविवारी सकाळी सात वाजता आई पाटीतून पहिली मोरी घेऊन आली. मी पडवीत पाट मांडला, मोरीला उताणी केली आणि गळ्याखाली स्काल्पेल लावलं. तिसऱ्याच मिनिटाला वाहिनी तुटली. सोमवारी मी अर्धा तास टिकले. त्या दिवशी आमच्याकडे मासे शिजत नाहीत, तेव्हा ती मोरी शेजारी गेली. बाकीचे दिवस आम्ही दोन्ही वेळा मोरीच खाल्ली. बुधवारपर्यंत मला मोरीच्या वाटपाचा, वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा वास नकोसा झाला होता, पण आई म्हणाली की आठ दिवस मोरी खाऊन अजून कोणी मेलेलं नाही.

मंगळवारी माझ्या स्काल्पेलची धार गेली. ट्रंकेत बाबांची सुरी आहे हे मला माहीत होतं, पातळ पात्याची, पितळी मुठीची. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. मी ट्रंक उघडून ती बाहेर काढली.

“ती नको,” आई दारातून म्हणाली.

“आये, धार बग तिची. एका दिवसापुरती.”

“सांगलंय ना, ती नको.”

तिचा आवाज इतका वेगळा होता की मी सुरी फडक्यात गुंडाळून जागच्या जागी ठेवली. आई मागच्या दारी गेली आणि परसातल्या दगडावर माझं स्काल्पेल घासून घेऊन आली.

त्या आठवड्यात ती रोज माझ्याजवळ बसायची. बाजाराला उशीर व्हायचा, बाकीच्या बायकांची विक्री सुरू झालेली असायची, तरी ती उठत नसे. आधी मला वाटलं, माझी काळजी. मग ती प्रश्न विचारायला लागली.

“ह्या काय?”

“काळीज.”

“आणि ही शीर खंय जाता?”

“वर जाता. तिका पाच फाटे हे बाजूक, पाच ते बाजूक. काळा रगात कल्ल्यात न्हेतत. थयसर पाण्यातसून वारो गावता, मगे रगात लाल होता.”

आई मोरीच्या गळ्यावरच्या पाच फटींवरून बोट फिरवत राहिली. जन्मभर तिनं गिऱ्हाइकांना कल्ले उचलून दाखवले होते, लाल आहेत, बघून घ्या म्हणून. पण हा लाल रंग येतो कुठून हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते तिला सांगावंसं कधी वाटलं नव्हतं.

“मगे मासो पाण्याभायर मरता कित्याक? भायर तर वारोच वारो.”

हा प्रश्न आम्हाला वर्गात एकानंही विचारला नव्हता. मी तिला एका कल्ल्याचे पदर चिमट्यानं सुटे करून दाखवले. वाटीभर पाण्यात सोडले तर ते झुलत वेगळे व्हायचे, बाहेर काढले की एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा.

“न्हाल्यार केस चिकाटतत तसा,” आई म्हणाली.

“तसाच. चिकाटले की वारो आत जाणा नाय.”

“पाण्यात वारो खूप आसता?”

“नाय गो. तांब्याभर पाण्यात चमचोभर. म्हणान तर तेंका इतके पदर दिलेले.”

मी पाचव्या वाहिनीपाशी पोचले होते. पाचवी हृदयाच्या सगळ्यात जवळ आणि स्नायूत खोल दडलेली असते, तिच्यापाशीच माझा हात रोज फसत होता.

“आणि माणसाक?” आई म्हणाली. “माणूस पाण्याखाली किती वेळ ऱ्हवता?”

“म्हायत नाय. पुस्तकात नाय तां.”

“सरांक म्हायत आसतला?”

“आसतला. आये, वायच गप ऱ्हव, शीर तुटतली.”

आई उठून बाजाराला गेली. वाहिनी तुटली ती तुटलीच. मी मान वर करून तिच्याकडे बघितलंही नव्हतं. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण त्या बुधवारी मला जगात दहा वाहिन्यांपलीकडे काही दिसत नव्हतं.

गुरुवारी नऊ निघाल्या. शुक्रवारी दहा. शुक्रवारी मी ओरडलेही नाही. आईला हाक मारली, तिनं वाकून डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच मोजल्या, आणि म्हणाली, “आता हाताक म्हायत झाला. आता नाय चुकणा.”

शनिवारी ती मोरी ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्याबरोबर निघाली. मी म्हटलं, मी नेते. ती म्हणाली, ताजी ठेवायची तर मध्ये पाणी मारावं लागतं, तुला जमायचं नाही. खरं म्हणजे जमलं असतं. बाजाराचं लुगडं नेसलेली आई कॉलेजच्या फाटकातून माझ्याबरोबर आत येताना मला अवघडल्यासारखं झालं. मी दोन पावलं पुढे चालले. तिला ते कळलं असणार, कारण प्रयोगशाळेपाशी आल्यावर ती आपणहून व्हरांड्यात बाहेरच बसली.

वालावलकर सर एकटेच होते. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. मी मोरी उताणी केली. पहिला छेद दिला आणि हात सावकाश चालू लागले. मी त्यांना घाई करू दिली नाही. कातडी, मग स्नायूंचा पहिला थर, मग दुसरा. हृदय दिसलं. त्यातून वर जाणारी मोठी वाहिनी दिसली. तिचा वरचा फाटा, त्याच्या दोन शाखा. पहिली, दुसरी. मग तिसरी. चौथी. डावीकडच्या पाचवीशी आले तेव्हा माझ्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. मी चिमटा खाली ठेवला, दंडानं डोळा पुसला, आणि परत चिमटा उचलला. चिकटलेला स्नायू सोडवून घेतला. पाचवी आली. ती अख्खी होती.

सरांनी सुई घेतली आणि एकेक वाहिनी उचलून बघितली. दहा. मग दुसऱ्यांदा मोजल्या.

“पूर्वपरीक्षेला काय झालं होतं?”

“घरी कल्ले फेकतात, सर. हातांना तेच ठाऊक.”

“घरी म्हणजे?”

“माझी आई बाजारात मासे विकते. बाहेर बसलीय.”

सर उठून दाराशी गेले. आई उभी राहिली. ते तिला ओळखत होते, अख्खा गाव ओळखत होता. दर रविवारी ते तिच्याच पाटीपुढे उभे राहून बांगड्याचे कल्ले उचलून बघत. माझा आणि तिचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता, इतकंच. त्यांचा चेहरा उतरला. स्वतःचं बाजाराचं वाक्य त्यांना आठवलं असावं. त्यांनी टेबलाशी येऊन माझं जर्नल उघडलं, सही केली, तारीख घातली, आणि आईला म्हणाले, “आत या. बघा मुलीनं काय केलंय ते.”

आई आत आली. ट्रेकडे बघून तिनं मान हलवली, पण तिचं लक्ष ट्रेत नव्हतं.

“मास्तरानू, एक विचारू?”

“विचारा.”

“माणूस पाण्याखाली किती वेळ हात हलवता?”

सर गोंधळले. “म्हणजे?”

आईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. “हिचो बापूस पट्टीचो पोवणारो. जाळ्याची दोरी पायाक अडाकली आणि खाली गेलो. कमरेक सुरी होती. वर काडल्यानी तेव्हा सुरी म्यानात तशीच. लोक म्हणतत, सुरी आसताना दोरी कापल्यान नाय, म्हणजे तेनाच सोडून दिल्यान. त्या सकाळी आमचा भांडाण झालेला. मी तेका नको तां बोललंय. अकरा वर्सां झाली. माका खरा काय तां सांगा. बरा वाटूचा म्हणान सांगा नको.”

माझ्या बापाचं पोहणं सांगून झाल्यावर लोक गप्प का होत हे मला त्या क्षणी कळलं. आई आठवडाभर माझ्याशेजारी का बसत होती तेही कळलं. मोरीचे प्रश्न ती मोरीसाठी विचारत नव्हती.

वालावलकर सर प्रयोगशाळेत कधी मालवणी बोलत नसत. आम्ही बोललो तर टोकत. त्यांनी आईसाठी स्टूल ओढलं, ती बसल्यावर स्वतः बसले, आणि मालवणीतून बोलायला लागले.

“बाय, ह्या बगा. मोरयेक पाण्यातसून वारो काडूक ह्या इतक्या सगळा दिलेला आसा. माणसाकडे त्यातला कायच नाय. पोवणारो कितीय पट्टीचो आसांदे, पाण्याखाली धडपड करूक लागलो की आसलेलो वारो बेगीन सरता. एक मिनिट, फार तर दोन. मगे शुद्ध जाता. शुद्ध जाऊच्या आदीच हात ऐकणत नाय.”

“सुरी काडूक इतको वेळ पुरो.”

“म्यान कसला होता?”

“चामड्याचा. नवा. आठ दिवस झालेले घेवन.”

“चामडा भिजला की फुगता. नवा तर जास्तच. होडयेत पाणी उडान तां आदीच भिजलेला आसतला. आतली सुरी घट्ट बसता.”

आई एकदम त्यांच्याकडे बघायला लागली. मग तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले.

“तेका घराक हाडल्यानी,” ती हळू बोलली, “तेव्हा मी ती सुरी काडूक बघितलंय. निघाक नाय. ओढ ओढ ओढलंय. माका वाटला, माझ्याच हातात जीव ऱ्हवलो नाय. दोन दिसांनी म्यान सुकला तेव्हा निघाली.”

“मगे तुमी स्वताच सांगतास,” सर म्हणाले. “तेना ओढून बघितल्यान आसतला. मी थंय नव्हतंय, म्हणान शपथ घेवन सांगूचंय नाय. पण सुरी म्यानात ऱ्हवली म्हणान तेना सोडून दिल्यान, ह्या कोण म्हणत आसात तर तां खोटा. माझ्याकडे धाडा तेका.”

आई रडली नाही. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, आणि सरांनी तिला उठवलं नाही. व्हरांड्यातून मुलं जात होती, कोणी आत डोकावलं की सर हातानंच त्यांना पुढे जायला सांगत होते. शेवटी आईनं ट्रेकडे बोट दाखवलं.

“ह्या तुमका व्हया? नायतर घराक न्हेतंय. ताजी आसा.”

“न्या,” सर म्हणाले.

येताना मी दोन पावलं पुढे चालले नाही. मोरी माझ्याच हातात होती आणि गोणपाटातलं पाणी माझ्या परीक्षेच्या पांढऱ्या साडीवर गळत होतं. वाटेत आई एकच बोलली. “शीर तुटली नाय ना एकय?”

“एकय नाय.”

घरी आल्यावर तिनं ट्रंक उघडली. फडकं सोडवून सुरी काढली, मागच्या दारी दगडावर पाणी शिंपडलं आणि धार लावायला बसली. धार झाल्यावर तिनं मोरी पाटावर घेतली. मी उघडलेल्या वाहिन्या अजून जागच्या जागी होत्या. त्या तिनं पुन्हा एकदा मोजल्या, डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच. मग बाबांच्या सुरीनं कल्ले कापून काढले आणि मांजराला टाकले.

“खोबरा काड,” ती म्हणाली. “आज वायच तिखाट करूया.”

जेवणं झाल्यावर तिनं सुरी धुऊन पुसली आणि विळीच्या वरच्या खुंटीला अडकवली. पुढे आई असेपर्यंत, तेवीस वर्षं, ती सुरी तिथेच होती, रोजच्या वापरातली.